विरोध करा, काका

रंगारीकाकांच्या खांद्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. हात डोक्यावर जात होता, दुखणंही थांबलं होतं. पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी जोर तपासून चिठ्ठी दिल्याशिवाय कंत्राटदार त्यांना शिडीवर चढू देणार नव्हता. चिठ्ठी नाही मिळाली, तर कायमचं गोदामात बसून डबे ढवळायचे. छतं रंगवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ही शिक्षाच.

बाई म्हणजे जेमतेम त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाची पोर. तिने काकांना हात बाजूला, खांद्याइतका उचलून धरायला लावला आणि मनगटापाशी जोर मोजायचं मुठीएवढं यंत्र टेकवलं.

"मी खाली दाबते, काका. तुम्ही विरोध करा."

तिने दाबलं. हात निमूटपणे खाली आला.

"चार किलो. दुखतंय का?"

"छे, छे!"

पुन्हा चार. मग तिने धडधाकट हात तपासला. तोही चारच! पोर चक्रावली. तिने यंत्र झटकून पाहिलं.

यंत्र बिचारं ठीक होतं. काकांनीच उभ्या जन्मात कुणाला विरोध केला नव्हता. गिऱ्हाईक हिरवा म्हणालं की हिरवा. त्यात लेकीसारख्या पोरीने दाबायचं आणि आपण अडून बसायचं? चिठ्ठी हातची चालली होती, तरी हात आपला खालीच.

सोबत येऊन कोपऱ्यात बसलेल्या काकूंना राहवेना.

"अगं, यांना नाही जमायचं ते. आण इकडे, मी दाबते."

बाईने यंत्र कसं धरायचं ते दाखवलं. काकू दाबत म्हणाल्या, "गोदाम तर गोदाम. आपल्या खोलीचं छत तुमच्या पुतण्याकडून रंगवून घेऊ. रंगाच्या एका हातात उरकतो म्हणाला."

"एका हातात?" काका कडाडले. "माझ्या छताला? अस्तर, त्यावर दोन हात, मध्ये घासकाम! हात तर लावू दे त्याला!"

काकू लालबुंद झाल्या, चवड्यांवर उभ्या राहून जीव खाऊन दाबू लागल्या. हात तसूभर हलला नाही.

"अकरा किलो!" बाई ओरडली. दुसऱ्या हाताचे बारा भरले. तिने हसत चिठ्ठी लिहायला घेतली.

काकू मात्र मनगट चोळत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे अंगात जोर होता तर. मग तीस वर्षं माझ्यापुढे हरत आलात, ते?"

काकांनी चिठ्ठीची नीट घडी घातली.

"तेव्हा छताचा विषय नव्हता गं."