पिंजाराचे दोन थर

"पावणं, कुशीवर झोपता का पाठीवर?"

गिऱ्हाईक गडबडलं. हिमालयात ट्रेकला निघालेलं नवं जोडपं होतं. बायको फिसकन हसली. नवरा म्हणाला, "अहो, मॅट घ्यायला आलोय आम्ही."

"म्हणून तर इचारतोय की. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा रुततो, त्याला जाड लागतं. पाठीवरच्याचं पातळावर भागतंय." गोमटेशने फळीवरून दोन मॅट ओढल्या. "ही हवेची एकटी घिऊ नका. एक काटा लागला की रातभर बर्फावर पडशिला. खाली ही फोमची पातळ टाका, वर ही फुगवून ठेवा. दोन्हीची ऊब बेरजेत धरायची. थंडी वरनं येत न्हाय, खालनं येती. पांघरूण कितीबी भारी घ्या, अंगाखाली दबलं की ते मेलं."

हे भाषण मला पाठ आहे. राजारामपुरीत त्याचं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आणि माझं गाडीच्या सीट कव्हरचं दुकान एकाच भिंतीला लागून आहे. मी जोतीराम. बोलायला लागला की गोमटेश थांबत नाही, आणि मधे तोंड घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. "हो म्हणा पावणं," मी ओरडलो, "न्हायतर जेवायच्या सुट्टीपतोर सोडत न्हाय त्यो!"

तेवढ्यात राजमती वैनी रिक्षातून उतरल्या. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. पायरीवरूनच म्हणाल्या, "संघ आला. बस्तीत उतरलाय. चार माताजी हायत. तीबी हाय."

गोमटेशच्या हातातली मॅट अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली. त्या जोडप्याला शेवटी मीच बिल करून दिलं.

ती म्हणजे ऐश्वर्या. गोमटेश-राजमतीची एकुलती एक लेक. लहानपणापासून बापाबरोबर दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालायची. दुकानात नवीन मॅट आली की पहिली रात्र गच्चीवर तिच्यावर ही पोरगी झोपणार, आणि सकाळी बापाला निकाल सांगणार. एका वर्षी त्याच वाटेवर मसाई पठाराच्या उतारावर पाय घसरला आणि डाव्या खुब्याला जबर मार बसला. हाड सांधलं, पण थंडीत ती जागा ठणकायची ती कायमची. पुढे शिकली, नोकरीला लागली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला दीक्षा घ्यायची आहे. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. ज्यांच्यात ही वाट पूज्य मानतात त्यांनी ओरडायचं तरी कसं? आता ती जैन साध्वी, आर्यिका प्रशममती माताजी. एक पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, हातात कमंडलू. दिवसातून एकदा आहार, तोही ओंजळीत. आणि झोपायला चटई.

संध्याकाळी त्या दोघांना टेम्पोतून मीच घेऊन गेलो. शहराबाहेरची बस्ती, म्हणजे जैन मंदिर, मागे उसाचं रान, तिथून भणाणत येणारा वारा. सभागृहात शहाबादी फरशी. गोमटेश आत गेला, लांबच गुडघे टेकून बसला आणि म्हणाला, "वंदामि, माताजी." ज्या पोरीला त्यानं खांद्यावर बसवून रंकाळा दाखवला तिच्यासमोर त्यानं डोकं टेकवलं. तिनं हात उंचावून आशीर्वाद दिला. पुढे बसलेल्या सगळ्यांना दिला तसाच. मला दारातच भरून आलं. गोमटेश मात्र रडला नाही. तो तिच्यामागची चटई बघत होता.

परतताना एवढंच म्हणाला, "जोत्या, पायातनं गारठा डोस्क्यात जातोय रं तिथं."

दुसऱ्या दिवशी माताजी आहारासाठी बाहेर पडल्या आणि या माणसानं घात केला. दुकानातली सगळ्यात पातळ करडी फोमची मॅट नेली आणि तिच्या चटईखाली सरकवली. मला नंतर म्हणतो, "वर काय घातलं का? खालीच घातलंय न्हवं!" जन्मभर लोकांना 'खाली टाका, खाली टाका' सांगून या माणसाला वाटायला लागलं होतं की खालचं कुणाला दिसत नाही.

पण झोपण्याआधी आर्यिका चटई उचलून, पिंछीनं जागा झाडून बघतात. मुंगीसुद्धा अंगाखाली येऊ नये म्हणून. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मायेपुढे आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानं उघडतोय तोवर वैनी आल्या. मी त्यांचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता.

"काय ठेवून आलासा चटईखाली? तिनं मॅट बाजूला केली, चटईबी बाजूला केली. उघड्या फरशीवर बसून रात काढली. आणि आज उपास धरलाय. मी पहाटे उठून तिच्या आहारासाठी चौका केला, सोवळ्यात पाणी भरलं. दीक्षेपासनं पयल्यांदा माझ्या हातचं तिच्या वंजळीत पडंल म्हणून. तुमच्या मॅटंनं माझ्या लेकीचा घास काढला!"

गोमटेश भिंतीला टेकला.

दुपारी तो बस्तीत जाऊन संघाच्या प्रमुख, मोठ्या माताजींपुढे बसला. मी दाराशी होतो. "चुकलं माझं," म्हणाला. "तिच्या खुब्यात… माताजींच्या खुब्यात थंडीचं दुखतंय. मला झोप लागंना."

मोठ्या माताजी बेळगावकडच्या, वयानं थकलेल्या. त्या म्हणाल्या, "चोरून सेवा करू नये, श्रावकजी. आणि एकटीसाठी करू नये. जमीन, शिळा, फळी, नाहीतर कोरडं गवत, एवढ्यावर झोपायची आम्हाला मोकळीक आहे. गवतात जीव नसावा, ओल नसावी. अंथरलेलं घ्यायचं का नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

ऐश्वर्या बाजूला बसून जप करत होती. तिनं मान वर केली नाही.

बाहेर आल्याबरोबर गोमटेशनं माझा दंड धरला. "तुझ्या भनीकडं भाताचं पिंजार असंल न्हवं?"

माझी बहीण बनाबाई गगनबावड्याला दिलेली आहे. तिथं भाताशिवाय आहे काय? तसाच टेम्पो काढला. बनाबाईनं गंजीच्या पोटातलं, पाऊस न लागलेलं पिंजार, म्हणजे वाळका पेंढा, उपसून दिलं. परवा सकाळी संघ पुढे जाणार होता. म्हणजे हातात एकच दिवस आणि एकच रात्र.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. गच्चीवर पिंजार पसरलं, उन्हात तापवलं आणि चष्मा लावून मूठमूठ झटकत बसला. वैनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. सकाळी चौका मांडून त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या होत्या, पण ऐश्वर्यानं निघताना मनात धरलेला विधी, म्हणजे आहार घ्यायची खूण, दुसऱ्याच दारी जुळला. आता त्यांचा घास कायमचा हुकला होता. तरी त्या गच्चीवर आल्या, गोमटेशपासून लांब बसल्या आणि पिंजार निवडायला लागल्या. एक किडा सापडला तो त्यांनी पदराच्या टोकावर घेऊन हळूच कुंडीत सोडला.

दिवस मावळायच्या आत आम्ही सभागृहात पोचलो. माताजी देवदर्शनाला गेल्या होत्या. गोमटेशनं जाड काड्या खाली आडव्या-उभ्या टाकल्या. त्यावर मऊ पाचोळ्यासारखं पिंजार हातानं सोडवून पसरलं. खालचा थर थंडी अडवायला, वरचा खुब्याला. मी नेहमीसारखं तोंड घातलं, "बेरीज किती झाली मग?" तो हसला नाही.

"खिडकीजवळचं तिचं न्हवं? तिथं जरा जाड घाल की. कोण बघतंय?" मी म्हणालो.

"न्हाय. चारी सारखी."

आणि चारी ठिकाणी त्यानं सारखंच घातलं, तळहात दाबून दाबून बघत. ती ते घेईल का बाजूला सारेल, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री त्याच्या घरात कुणी झोपलं असेल असं मला वाटत नाही.

सकाळी ऊन पडल्यावर संघ निघाला. गावाची शीव संपेपर्यंत सगळे मागोमाग चाललो. ऐश्वर्या डावा पाय जरा जपून टाकत होती. वैनी तिच्या पावलांकडे बघत होत्या. शिवेवर आशीर्वाद झाला. गोमटेशकडे हात उंचावला तेव्हा तिची नजर क्षणभर थांबली असं मला वाटलं. पण मी बाहेरचा माणूस, मला काय खरं कळणार? ती गेली. मागे वळून बघितलं नाही, बघायचं नसतंच.

पिंजार भरून न्यायला आम्ही बस्तीत परतलो. मी पोती घेऊन सभागृहाच्या दारात आलो आणि थांबलो.

गोमटेश खिडकीजवळच्या जागेशी उकिडवा बसला होता. दुकानात कुणी जुनी मॅट बदलायला आणली की तो अशीच उलगडून बघतो आणि तिच्यावर माणूस कसा झोपतो ते सांगतो. पिंजारात खांद्याची एक जागा दबली होती. त्याच्याखाली खुब्याची, जास्त खोल. मुडपलेल्या गुडघ्यांची भिंतीकडे. त्यानं हात लावला नाही.

वैनी माझ्याजवळून आत गेल्या. चौका वाया गेला तेव्हापासून नवऱ्याशी पहिलाच शब्द बोलल्या.

"झोपली व्हय?"

"झोपली," गोमटेश म्हणाला. "उजव्या कुशीवर. दुखरा खुबा वर ठिवून."

आणि मग तो रडला. वैनी त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि खुब्याच्या त्या खोलगटात त्यांनी आपला तळहात ठेवला.

मी पोती तशीच रिकामी टेम्पोत नेऊन टाकली.