खोक्यावरचा आकडा

मी बोलतोय. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझ्या नावाने इतका शिमगा झालाय की आता ते जमणार नाही.

मी पंप. रस्त्याकडेचा पेट्रोल पंप नव्हे. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणारा, मुठीएवढा, विजेवर चालणारा. माझा जन्म मोटारीसाठी. एखाद्या साध्यासुध्या मोटारीत वीस वर्षं निमूट राबलो असतो. पण माझ्या नशिबी आला वर्लिन स्टोकली.

हा वर्लिन अमेरिकेत, मिसुरीतल्या आमच्या तळ्याकाठी राहतो. उमर सगळी मोटारींच्या शर्यतीत गेली, म्हणून बोटीतलंही आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. गेल्या हिवाळ्यात त्याने बोटीच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवला, म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं धूड. हवा जास्त कोंबली की पेट्रोलही जास्त लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून तो पंप घ्यायला ओडेलच्या दुकानात आला. ओडेल चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय.

"सातशे घोड्यांची ताकद झालीय," माझं खोकं उचलून वर्लिन म्हणाला. "यावर तासाला एकशे दहा गॅलन लिहिलंय. झालं काम."

"लेका, तो आकडा मोकळ्या नळीचा," ओडेल म्हणाला. "पुढून दाब आला की निम्मं उरतं. आणि तो सुपरचार्जर फिरायलाच सत्तर घोडे खातो, त्यांना चारा कोण घालणार? शिवाय हा पंप मोटारीचा. मोटार उतारावर दम तरी घेते. बोट कायम चढावरच असते."

"म्हातारा झालास, ओडेल. मोटारीत मी हाच वापरायचो."

मी खोक्यात चडफडत होतो. मी नाही पुरणार, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? पण हा माणूस ओडेलचंच ऐकेना, तिथे माझं काय!

जुलैत तळ्यावर बोटींची शर्यत होती. वर्लिनच्या शेजारी त्याची मोठी मुलगी रेना बसली होती, पेट्रोलच्या दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून. पहिला मैल मी निभावला. मग वर्लिनने पाय पार तळाशी दाबला आणि तो उचलेचना. मी तापलो. जीव तोडून ढकलत होतो, पण इंजिनाची भूक माझ्या दुप्पट.

"बाबा, काटा सातवरून तीनवर आलाय! पाय काढ!"

"काटा बिघडलाय गं. धर घट्ट!"

काटा बिघडला नव्हता. बिघडलं होतं ते या माणसाचं डोकं. पेट्रोल कमी, हवा जास्त, आत नुसती भट्टी. एक पिस्टन वितळला, इंजिन जाम झालं आणि बोट जागच्या जागी बसली. रेनाचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं. मागून येणारी बोट त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तेवढं अंतर कमी पडलं असतं तर आज रेना नसती, हे मला आठवलं की अजून संताप येतो.

तिला सात टाके पडले. आणि मला? वर्लिनच्या गॅरेजातल्या खिळ्यावर टांगलंय, गळ्यात पुठ्ठा: "दगाबाज". मित्र येतात, तळलेले मासे खातात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि तो न चुकता सांगतो, "या पंपाने घात केला." अरे, मी माझ्या ताकदीचा शेवटचा थेंबसुद्धा राखून ठेवला नाही! घात केला तुझ्या तोऱ्याने!

काल त्याने गॅरेजातूनच ओडेलला फोन लावला. "सगळ्यात मोठा आकडा असलेला पंप दे."

रेना दारात उभी होती. "पुढून दाब असताना किती पेट्रोल देतो ते विचार, बाबा. एवढं एकच विचार."

"मला शिकवू नकोस."

"मग मी पुन्हा तुझ्या बोटीत बसणार नाही."

फोनवर ओडेल वाट बघत होता. एक प्रश्न होता नुसता, दोन सेकंदांचा. त्याने विचारला नाही. "पाठवून दे," म्हणाला आणि फोन ठेवला.

रेनाने बोटीतून आपलं लाइफ जॅकेट काढलं आणि ती चालू लागली.

"अगं, पंपच खराब होता!" तो मागून ओरडला.

जा, पोरी. तुझा बाप पंप बदलेल, इंजिन बदलेल, विचारणार मात्र कधीच नाही. तू त्याच्या शेजारी बसू नकोस.