आभाराची फेरी

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली नगरपालिकेचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर घरोघरी आभार मानायला निघाला. शिवणवाल्या वहिनींनी त्याला खिडकीतून पाहिलं आणि मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. इस्त्रीचा सदरा, चापून बसवलेले केस. निवडून आलेल्या माणसाने यावं तसा तो एकेक दार घेत येत होता.

निवडून आला होता लाकडाच्या वखारीचा मालक. कंपाउंडर नुसता पडला नव्हता, उताणा पडला होता. गल्लीची पेटी वेगळी मोजली, तर त्याच्या नावाची मतं निघाली अकरा. आणि गल्लीत एक घर असं नव्हतं, जिथे त्याने इंजेक्शन दिलं नव्हतं. दवाखान्यात जाण्याआधी आणि सुटल्यावर तो डबीत उकळलेली सुई घेऊन हिंडायचा. पैशाचं नाव काढलं की म्हणायचा, "राहू द्या हो."

त्याला उभं करण्याची कल्पना मुळात वहिनींचीच. नळावर सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या होत्या, "वखारवाला पाच वर्षांतून एकदा तोंड दाखवतो. आपला भाऊ काय वाईट आहे?" तो नाही नाही म्हणत होता, तेव्हा त्यांनीच त्याच्या बायकोला गळ घातली. प्रचाराचे कापडी फलकही त्यांच्याच मशीनवर शिवले गेले.

मतदानाच्या दिवशी तर त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना त्याने खुर्चीत बसवलं आणि एका शेजाऱ्याला हाताशी घेऊन खुर्चीसकट केंद्रावर नेलं. वहिनींचा नवरा ट्रकवर, घरात दोघीच. पडद्याआड शिक्का हातात घेतला आणि वहिनींच्या मनात आलं, हा उद्या निवडून आला की बैठका, सभा, दारात माणसांची रीघ. मग सासूबाईंना दोन वेळा सुई कोण टोचणार? मोठा दवाखाना दोन बस बदलून गाठायचा, तोही या बाईला घेऊन? एका मताने काय होतंय, अख्खी गल्ली आहे की त्याच्या पाठीशी, असं म्हणत त्यांनी शिक्का वखारवाल्याच्या नावापुढे उठवला.

घराघराने हाच विचार केला होता, हे निकालाच्या दिवशी सगळ्याजणी नळावर नजर चुकवू लागल्या तेव्हा त्यांना कळलं.

आता समोरच्या ओट्यावरून आवाज येत होता. "आमची पाचही तुम्हालाच हो भाऊ. घोळ कुठे झाला, देव जाणे." शेजारच्या दारात, "आमची चार. डोळे मिटून." तिसऱ्या दारी पुन्हा चार. तिथेच अकराचा आकडा ओलांडला. कंपाउंडर सगळ्यांना हात जोडत होता.

तो आत आला. "वहिनी, फार राबलात माझ्यासाठी."

"आभार कसले मानता भाऊ? आमची दोन्ही मतं तुम्हालाच."

"दोन्ही कशी?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "माझं नव्हतं."

"आई, तुम्ही गप्प बसा ना."

"का म्हणून? ए बाबा, खुर्ची तूच उचललीस, नाही म्हणत नाही. पण मत दिलं मी त्या वखारवाल्याला. तू तिकडे जाऊन बसलास तर मला टोचणार कोण? ही? दिवसभर सुई चालवते, पण माझ्या दंडाजवळ आली की डोळे मिटते."

कंपाउंडर खाटेकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी नको होतो म्हणून नाही?"

"नको असतास तर निवडून नसतं का दिलं? ब्याद गेली असती."

तो हसायला लागला. हसता हसता खाटेच्या कडेला टेकला आणि बाहीने डोळे पुसले. "आजी, सकाळपासून खरं बोललेल्या तुम्ही पहिल्या."

आणि त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसती वाट पाहणं होतं. सासूबाईंनी रस्ता मोकळा करून दिला होता. माझंही तसंच झालं भाऊ, एवढंच म्हणायचं होतं.

"चहा टाकते," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दूध उतू जाईपर्यंत त्या स्टोव्हपाशी उभ्या होत्या. बाहेरून त्याचा आवाज आला, "दंड पुढे करा आजी." चहा घेऊन आल्या, तेव्हा तो पुढच्या घराच्या दारात हात जोडून उभा होता.

वखारवाला पुढे आणखी दोनदा निवडून आला, मग त्याच्या मुलाने वखार विकून टाकली. सासूबाई दोन वर्षं जगल्या, अखेरपर्यंत त्याच्याच हातची सुई घेत. त्या गेल्या आणि महिन्याभरात कंपाउंडरने दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी धरली. गल्लीने त्याला निरोप समारंभ केला, भाषणं झाली. त्यानंतर गल्ली दोन बस बदलून मोठ्या दवाखान्यात जाऊ लागली.

तो वारल्याचं कळलं तेव्हा वहिनींचे गुडघे गेलेले होते, तरी त्या भेटायला गेल्या. त्याच्या बायकोने त्यांना जवळ बसवून घेतलं.

"त्या निवडणुकीचं फार लागलं होतं हो त्यांना. पण नेहमी म्हणायचे, बाकी कोणाचं सांगता येत नाही, वहिनींचं मत मात्र आपलंच."

वहिनींनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"हो," वहिनी म्हणाल्या.

तिने त्यांचा हात हातात घेतला. शेवटच्या बसची वेळ होत आली, तरी तो सोडवून घ्यायची वहिनींची छाती झाली नाही.