शेवंतीच्या जागी निवडुंग

लांबून पाहाल तर मी तुम्हाला दगड वाटेन. जवळून पाहिलंत तरी बराच वेळ दगडच वाटेन. मित्रांनो, त्यात तुमची काही चूक नाही. माझ्या पूर्वजांनी जगण्यासाठी हीच युक्ती शोधली. मेक्सिकोच्या उजाड, चुनखडीच्या टेकड्यांवर ते मानेपर्यंत जमिनीत रुतून बसायचे. राखाडी, भेगाळलेले. तहानलेलं जनावर वरून चालत गेलं तरी त्याला पत्ता लागायचा नाही. मला काटे नाहीत. तरीही मी निवडुंगच आहे, दुर्मिळ जातीचा, वयाने बराच मोठा, आकाराने आमटीच्या वाटीएवढा.

आणि ते वाळवंट मी कधी पाहिलेलं नाही. माझा जन्म समुद्रापलीकडच्या, बर्फाळ मोराविया प्रांतातल्या एका लहान गावात, काकडीच्या लोणच्याच्या बरणीत झाला.

ती बरणी बोहुमीर स्कोपाल यांची होती. ते गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. जगातली सगळी वाळवंटं त्यांना नकाशावर डोळे मिटून दाखवता यायची, पण त्या काळी त्यांच्या देशातून सहजासहजी कुणाला बाहेर जाऊ देत नसत. मग वाळवंटच त्यांनी खिडकीत आणलं. बरणी उकळून घेतली, तळाशी भाजलेली वाळू आणि विटांचा चुरा घातला, त्यावर माझ्यासारखी मोहरीपेक्षाही बारीक बीजं टाकली आणि झाकण घट्ट लावून टाकलं. झाकणाला शेपू घातलेल्या लोणच्याचा वास येत होता. तो माझ्या आयुष्यातला पहिला वास.

त्या खिडकीत आमच्या आधीच पुष्कळ निवडुंगमंडळी होती. बोहुमीर यांची पत्नी यार्मिला रोज सकाळी म्हणायची, "या घरात खिडकी उघडायची म्हणजे आधी पन्नास जणांची परवानगी काढायची!"

"उघडूच नको ना मग," बोहुमीर म्हणायचे. "थंडी आत येते."

"थंडी नाही, हवा येते. माणसांना लागते ती. तुझ्या लाडक्यांना नसेल लागत."

त्यांची मुलगी ब्लांका तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. ती बरणीला नाक लावून विचारायची, "बाबा, हे मोठे कधी होणार?"

"तुझ्या मागून."

खरंच तसं झालं. ती पाढे शिकली तेव्हा मी वाटाण्याएवढा होतो. ती सायकल शिकली तेव्हा मला कुंडी मिळाली. तिची उंची चौकटीवर खुणा करत वर जात होती. माझी वाढ सगळी खाली चालली होती, कारण आम्ही आमचं खरं घर जमिनीखाली बांधतो. वर दिसतो तो नुसता माथा. खाली गाजरासारखं जाड मूळ असतं आणि त्यात पुढच्या दुष्काळाची बेगमी असते.

बोहुमीर मला "तुम्ही" म्हणायचे.

त्यांच्या गावात ही गोष्ट साधी नाही. शेजारी शेजाऱ्याला वर्षानुवर्षं "तुम्ही" म्हणतो. मग एक दिवस वयाने मोठा असलेला आपण होऊन म्हणतो, चला, आता "तू" म्हणू या. दोघं स्लिवोवित्साचा, म्हणजे आलुबुखाऱ्याच्या दारूचा, एकेक पेला घेतात, हात मिळवतात आणि तिथून पुढे "तुम्ही" म्हणणं हा अपमान होतो. बोहुमीर म्हणायचे, "ज्याचं फूल पाहिलं नाही, त्याच्याशी माझी ओळख झाली असं कसं म्हणू?" म्हणून रोज सकाळी ते वाकून विचारायचे, "काय साहेब, झोप लागली का तुम्हाला?"

ब्लांका शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, त्या शरद ऋतूत माझ्या डोक्यावरच्या लोकरीसारख्या लवेतून एक कळी वर आली. बाहेरची झाडं पानं टाकत होती आणि मी गडद गुलाबी, आख्ख्या माझ्याएवढ्या रुंदीचं फूल उघडलं. बोहुमीर यांनी शाळा बुडवली. त्यांचे निवडुंगवाले मित्र आलोइस कुबेना धावत आले, तेही चपला घालूनच आत शिरले. त्यावरून यार्मिला जे बोलली ते मी इथे सांगत नाही. बोहुमीर यांनी दोन पेले भरले.

"एक माझा, एक याचा," ते म्हणाले. "साहेब, मी बोहुमीर. आजपासून मला 'तू' म्हण."

"अरे, पण याचा पेला पिणार कोण?" कुबेनांनी विचारलं.

"मीच. याला मुळाशी ओलावा चालत नाही."

"मग मी काय तुझ्याकडे बघत बसू?"

त्यावर यार्मिलाने तिसरा पेला आणला. मित्रांनो, माझं एवढं कौतुक झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बोहुमीर यांनी माझ्यासाठी काय केलं, हे विचाराल तर मी सांगेन, त्यांनी फार काही केलं नाही. आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकली की ते पाणी द्यायचे, तेही माझ्या अंगावर नाही, खालच्या बशीत. सप्टेंबर संपता संपता पाणी बंद. मग बर्फ पडायचं, वितळायचं आणि वसंत यायचा, तोवर मी थंड, उजेडाच्या खिडकीत कोरडा बसायचो. पाहुणे म्हणायचे, "बिचारा किती सुकलाय, घाला की दोन थेंब." बोहुमीर म्हणायचे, "झोपलेल्या माणसाला उठवून जेवायला घालता का तुम्ही?" विदेशातल्या डोंगरांवरून उपटून आणलेली झाडं कुणी विकायला आणली की ते दार लावून घ्यायचे. माझ्या जातीचे बहुतेक असेच संपत आले आहेत. मी त्यांना बरणीतून मिळालो, याचा त्यांना अभिमान होता.

यार्मिला गेली. ब्लांका ब्रनो शहरात नोकरीला लागली. सीमा उघडल्या, पण बोहुमीर वाळवंट पाहायला गेले नाहीत. "एवढ्या सगळ्यांना सोडून कसं जाऊ?" म्हणत राहिले. मग गेल्या सप्टेंबरात, माझं पाणी बंद करायच्या दिवसांत, तेही गेले.

ब्लांका घर आवरायला आली. ती रडली नाही. तिने खोकी बांधली, भांडी वाटली, पडदे धुतले. बाकीचे निवडुंग बोहुमीर यांच्या मित्रांनी आपापल्या घरी नेले. कुबेनाकाका मलाही मागत होते, पण ती म्हणाली, "हा राहू दे, काका. याला कळी आलीय."

ते फूल नोव्हेंबरच्या तोंडावर उमललं. आणि त्याच दिवसांत त्या देशात सगळे आपापल्या माणसांच्या कबरी झाडून पुसून तिथे दिवे आणि फुलं ठेवतात. दफनभूमीच्या फाटकाशी शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग लागतात. पांढरी, पिवळी, जांभळी शेवंती. ब्लांका त्या ढिगांसमोर उभी राहिली आणि काही न घेता घरी परतली. मला तिने स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळलं, दफनभूमीत नेलं आणि बोहुमीर यांच्या कबरीच्या नव्या मातीवर ठेवलं. शेजारी लाल काचेतला दिवा लावला.

"बघा बाबा," ती म्हणाली. "आलं."

तिथे ठेवलेली फुलं परत कुणी घरी नेत नाही. तसा रिवाजच नाही. तिनेही नेलं नाही. कुठलं रोप थंडीत काय करतं, हे त्या वेळी तिच्या मनात आलं नाही. तिने मला फूल म्हणून ठेवलं होतं. कबरीपाशी माणूस तेच तर ठेवतो.

ती शहरात परतली आणि पाऊस लागला. आभाळ दोन-तीन दिवस गळतच होतं. माझं फूल मिटलं ते परत उघडलं नाही. माती चिंब झाली आणि मी, ज्याने आयुष्यात कधी थंडीत पाणी पाहिलं नव्हतं, पोट भरून पाणी प्यायलो. मग आभाळ स्वच्छ झालं आणि कडाक्याची थंडी पडली.

कुबेनाकाका मित्रासाठी दिवा लावायला आले आणि मला पाहून जागच्या जागी थबकले. डोक्यावरची लोकरी टोपी काढून त्यांनी मला तिच्यात घातलं, आणि त्या थंडीत टक्कल उघडं टाकून घरी पळाले. घरी पोचताच ब्लांकाला फोन लावला.

"शेवंती संपली होती का गं बाजारात?"

"काका, काय झालं?"

"काय झालं म्हणून विचारतेस! तुझ्या बापाने ज्याला जन्मभर एका थेंबासाठी तंगवलं, त्याला तू पावसात झोपवून आलीस! तळं झालंय याच्या पोटात!"

मग ती म्हणाली, "बाबांना दाखवायचं होतं. दरवर्षी पहिलं त्यांनीच पाहिलंय."

कुबेनाकाकांनी मला टोपीतून काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या बसने ये. एकट्याने कापायचा धीर होत नाही मला."

ती आली. त्यांनी मला उपटून माती झटकली. माझं इतक्या वर्षांचं मूळ खालून तपकिरी आणि मऊ झालं होतं, त्याला आंबूस वास येत होता. काकांनी सुरी स्लिवोवित्सात बुडवली. एक चकती कापली, आतून तपकिरी. दुसरी कापली, तीही तपकिरी. ब्लांकाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बघ इकडे," काका म्हणाले. "पांढरं दिसलं की सांग. माझे डोळे गेलेत."

ते खोटं होतं. त्यांचे डोळे उत्तम होते. पण ती वळली आणि प्रत्येक चकतीकडे पाहत राहिली. मूळ जवळजवळ संपत आलं तेव्हा म्हणाली, "थांबा. पांढरं आहे."

त्यांनी जखमेवर कोळशाची पूड लावली आणि मला कोरड्या कागदावर ठेवलं. आता मी नुसता माथा उरलो होतो.

"याला माझ्याकडेच ठेव. तुला जमायचं नाही."

"मी नेते, काका."

"पाणी घालशील."

"नाही घालणार."

"सगळे असंच म्हणतात. मग दया येते."

"मी नेते," ती परत म्हणाली. काकांनी एक बुटाचं खोकं शोधून आणलं.

तो हिवाळा मी तिच्या शहरातल्या घरात, खिडकीपाशी त्या कागदावर काढला. ना मूळ, ना माती, ना पाणी. मी आकसत गेलो. माझ्या अंगाला सुरकुत्या पडल्या आणि कडा आत वळल्या. ब्लांका रोज माझ्यापाशी यायची. तिचे हात काहीतरी करायला शोधायचे आणि करण्यासारखं काही नसायचं. नाताळच्या दुपारी, सणाच्या जेवणाचा मासा तळून झाल्यावर, ती चमचाभर पाणी घेऊन आली. चमचा माझ्यावर धरून बराच वेळ उभी राहिली. मग ते पाणी तिने स्वतःच पिऊन टाकलं आणि जमिनीवर बसून रडली. बोहुमीर गेल्यापासून पहिल्यांदाच.

मित्रांनो, त्या चमच्यासाठी मी तिचा जितका आभारी आहे, तितका कुठल्याच पाण्यासाठी नाही.

बर्फ वितळू लागलं तेव्हा काका आले. त्यांनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"टणक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून मेला नाही. याहून जास्त मला विचारू नकोस."

त्यांनी मला एका कुंडीत वाळूवर ठेवलं. वरची वाळू कोरडी, तळाची जराशी ओलसर. "पाण्याचा वास लागला तर पाय खाली सोडेल. नाही लागला तर..." त्यांनी कुंडी उजेडात सरकवली. "आणि सारखं उचलून बघू नकोस. तुझ्या बापाची ती खोड नव्हती, तू लावून घेऊ नकोस."

ती उचलून बघत नसे. रोज सकाळी पडदा सरकवायची, माझ्याकडे पाहायची आणि कामाला जायची. एप्रिल गेला. मेच्या मध्यावरची शेवटची थंडीही गेली. काका फोनवर माझं नाव काढेनासे झाले. तीही काढत नसे.

आत काय चाललं होतं ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. जुन्या जखमेच्या कडेतून एक पांढरा तंतू निघाला होता, केसाएवढा. तो कोरड्या वाळूतून खाली चालला होता, अगदी सावकाश. ओल नेमकी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. ती आहे एवढंच कळत होतं.

जूनमधल्या एका सकाळी ब्लांका खिडकी पुसत होती. तिच्या बाहीचा धक्का लागला आणि मी कलंडतोय असं वाटून तिने मला चटकन चिमटीत धरलं. मी कलंडलो नाही. तिने जरासं वर ओढलं. माझ्याबरोबर वाळूही उचलली गेली.

तिने ओला फडका तसाच टाकला आणि फोन घेतला.

"काका, धरलंय!"

"काय धरलंय? बस पकडलीस?"

"त्याने! वाळू धरलीय! सुटत नाहीये!"

पलीकडे बराच वेळ नाक शिंकरल्याचा आवाज येत राहिला.

"मग उभी काय राहिलीस?" काका म्हणाले. "पाणी दे त्याला."

"किती?"

"ते मला काय विचारतेस? इतकी वर्षं बघत आलीस ना!"

तिने बशी आणली. पाणी ओतलं, थांबली, डोळ्यांनी मापलं, आणखी थोडं ओतलं. मग कुंडी बशीत ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं झाड असेल, म्हातारा कुत्रा असेल, एखादं आजारी माणूस असेल. त्यांना काहीतरी देण्याआधी, त्यांना ते आत्ता हवंय का, एवढं जरा विचारून पाहा. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, म्हणून उत्तराला वेळ लागतो. तेवढा वेळ आमच्याजवळ बसा. ज्यांनी मला कमी दिलं आणि जे माझ्याजवळ बसून राहिले, त्यांच्यामुळेच मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

पाणी वाळूतून हळूहळू वर चढलं. माझ्यापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ सगळी सकाळ लागली. ब्लांका त्या दिवशी कामाला उशिरा गेली.