चवडा रुंद, टाच बारीक

तिसऱ्या दुकानातही तेच झालं. स्केटचा बूट टाचेला नीट बसला तर चवड्याला चावायचा, आणि चवड्याला सुटसुटीत झाला की टाच आतल्या आत नाचायची. ठकी मात्र दर वेळी ओठ दाबून उभी राहायची आणि म्हणायची, "बसतायत गं आई. मस्त बसतायत."

"बसतायत म्हणे! मग तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं का?" आई म्हणाली.

उद्या सकाळी बर्फावरच्या हॉकीची निवड होती आणि पोरीच्या पायाला बूट नव्हते. इतकी वर्षं ती मामेबहिणीचे जुने, अरुंद स्केट्स घालून खेळली. मोज्यांच्या टाचांवरचे रक्ताचे डाग आई गुपचूप धुवायची. खेळ बंद होईल या धास्तीने ठकी मूग गिळून गप्प, आणि पोरीची धास्ती कळत होती म्हणून आईही गप्प. शेवटी कोचबाईंनीच तोंड उघडलं. "खेळते चांगली, पण वळताना पाय आखडते. निवडीलाही अशीच आखडली तर माझा नाइलाज आहे."

दोष कुणाचा? आईचं मत विचाराल तर सगळा आईचा. पुढे फावड्यासारखा रुंद आणि मागे बारीक, हा पाय सरळसरळ तिचाच होता. मामा तर दोघींना बदकंच म्हणायचा. ती थट्टा आई हसण्यावारी न्यायची, पण परवा ठकी चिडून बोलून गेली होती, "द्यायला दुसरं काही नव्हतं का तुझ्याकडे? पायच दिलेस ते!" पोर बोलली आणि विसरली. आई कुठली विसरते! बेकरीच्या काउंटरमागे उभ्या उभ्या पाव बांधून देताना दिवसभर तेच वाक्य तिला छळत राहिलं.

जाड मिशांच्या दुकानदाराने वरच्या फळीवरून शेवटचा जोड काढला. "हा रुंदातला आहे. टाच सैल वाटेल, पण भट्टीत गरम केला की पायाचा आकार घेतो." भट्टी म्हणजे कोपऱ्यातली एक पत्र्याची पेटी. "गरम असतानाच घालायचा, नाड्या आवळायच्या, आणि गार होईस्तोवर हलायचं नाही. उभं तर मुळीच राहायचं नाही. बिघडला तर बिघडला. गरम केलेला जोड मी परत घेत नाही, आधीच सांगतो."

आईने जोड उलटासुलटा करून पाहिला. "घरी वापरून वापरून नाही का बसणार?"

"बसेल की. एका हंगामात."

उद्या निवड असलेल्यांना हंगामाच्या गोष्टी सांगतो हा माणूस! आईने ठकीकडे पाहिलं. ठकीने होकाराची मान हलवली. "घाला भट्टीत," आई म्हणाली.

बूट बाहेर आले ते ऊनऊन, मऊ. ठकीने पाय आत सारला, दुकानदाराने नाडी ओढली आणि पोरगी किंचाळली. टाचेवरची खपली निघाली होती. तिने पाय ओढून बाहेर काढला. मोज्यावर लाल ठिपका पसरत होता.

"लवकर करा, गार होतोय," दुकानदार म्हणाला. "सारखा सारखा गरम केला तर तळ सुटतो."

ठकीने पुन्हा पाय घातला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण टाच काही खाली उतरेना. "नाही होत गं आई," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही होत."

आईने बुटाकडे पाहिलं, पोरीच्या पायाकडे पाहिलं, आणि आपल्या चपला भिरकावल्या.

"सरक तिकडे."

"अहो बाई, हे काय करताय?"

"माप तेच आहे, पाय तोच आहे. आवळा नाड्या."

"असं आजवर कुणी केलं नाही हो."

"मग आज बघा! आवळा म्हणते ना!"

त्याने आवळल्या. दोन्ही पाय धगीत जखडून आई पुतळ्यासारखी बसली. आणि तेव्हा ते हाड ठणकायला लागलं. वर्षानुवर्षं काउंटरमागे उभं राहून तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड वर आलं होतं. ठकीला असं हाड नव्हतं! आईचं हाड बुटात खड्डा पाडत होतं, तिला तो पडताना जाणवत होता, आणि आता पाय काढला तर सगळाच सत्यानाश.

"खूप भाजतंय का गं?" ठकीने हळूच विचारलं.

"गप बस. मला हलवू नकोस."

बूट गार झाले. टाचांना पट्ट्या लावून ठकीने पाय घातले, उभी राहिली आणि म्हणाली, "बसतायत गं."

झालं! हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडायचा तो उलट जास्तच टांगणीला लागला. कारण बसतायत हे तर ती प्रत्येक जोडाला म्हणाली होती.

सकाळी काचेपलीकडे पोरी बर्फावर उतरल्या. आईला ना कोण जिंकतंय ते कळत होतं, ना गोल कुठे झाला ते. ती फक्त दोन पाय बघत होती. पहिल्याच धावेत ठकी सपशेल आडवी झाली. हाडच नडलं, आईने कपाळावर हात मारला. पण मध्ये कुणाची तरी स्टिक आली होती; ठकी उठली, आणि पुढच्या वळणावर अशी वळली की बर्फाचा चुरा काचेवर उडाला. आखडली नाही. पुन्हा वळली, तेव्हाही नाही.

शेवटी कोचबाईंनी तिला बोलावून हेल्मेटवर थाप मारली. ठकी लंगडत नव्हती, धावत आली. "आई, घेतलं! मला घेतलं!"

"बस खाली. आधी मोजा बघू दे." आई जमिनीवर बसून नाडी सोडायला लागली. मोजा मुद्दाम पांढरा घातला होता. तो पांढराच निघाला. आईने टाचेवरून दोनदा हात फिरवला, तरी तिला खरं वाटेना.

"आई, इथे अंगठ्याजवळ पोकळ आहे गं. दोन्ही बुटांत."

"माझं हाड आहे ते. तुला सांगायला हवं होतं मी. कापूस भरू या, नाहीतर त्या मिशीवाल्याला विचारते…"

ठकीने बूट मांडीवर घेतला आणि आत बोटं घालून ती जागा चाचपली. "राहू दे."

"अगं पण…"

"राहू दे म्हटलं ना. माझंही येईलच तिथे कधीतरी."

आईला रडू आलं आणि हसूही. दोन्ही लपवायला तिने मान खाली घातली.

"दुसरा पाय दे," ती म्हणाली.