राखेतलं खोबरेल

एस्तेर गेली ती ऑगस्टमध्ये. चर्चच्या पंचांगात त्या दिवसांना ‘सामान्य काळ’ म्हणतात. मी कराडच्या आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे फादरांच्या हाताखालचा, पण बायको-पोरं असलेला सेवक. बायकोच्या दफनाची प्रार्थना मीच म्हटली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, आपल्या डीकन शांतवनची केवढी श्रद्धा! श्रद्धा कसली डोंबलाची! आत काही हललंच नव्हतं.

मग आगमनकाळ आला, नाताळ आला. मी आनंदावर प्रवचन दिलं, गव्हाणीत गवत पसरलं, केक कापला. नोकरीत असताना रेल्वेच्या खिडकीत बसून तिकिटं द्यायचो, तसंच सगळं. शेवटी फेब्रुवारीत फादर ऑल्विनना सांगून टाकलं, “मला मोकळं करा. लोकांना देव सांगायचा आणि आपल्याला काहीच वाटत नाही, ही फसवणूक झाली.”

“राखेचा बुधवार तेवढा सांभाळा,” फादर म्हणाले. “मला त्या संध्याकाळी साताऱ्याच्या चर्चमध्ये मिस्सा म्हणायची आहे. मग बोलू.”

त्या दिवशी उपवासकाळ सुरू होतो आणि कपाळावर राख लावतात. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. ईस्टरच्या आधीच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या लोक वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवतात आणि जाळायला चर्चमध्ये आणून देतात. आमच्या घरातली एस्तेरने वेणीसारखी विणली होती. तीही मी घमेल्यात टाकली. भपकन पेटली. मी नुसता बघत राहिलो. राख चाळली, पाणी घालून कालवली. आजवर हे काम एस्तेरचं होतं.

संध्याकाळी रांग लागली. अंगठा राखेत बुडवायचा, कपाळावर क्रूस काढायचा आणि म्हणायचं, “तू माती आहेस आणि मातीला मिळशील.” शेवटी स्वतःच्या कपाळावरही काढला.

प्रार्थना संपेपर्यंत लोकांची चुळबुळ सुरू झाली. उंब्रजच्या राहीबाई बाकावरून उठून थेट माझ्यापाशी आल्या. कपाळ लालबुंद.

“आवं डीकन, लय चुणचुणतंय की! काय घातलंय ह्यात?”

“पाणी.”

“पाणी? पाण्यानं राख चावती. एस्तेरबाई खोबरेल घालायच्या. आन् आधी सोताच्या कपाळाला लावून बघायच्या, मग वाटी तुमच्या हातात द्यायच्या. तुमाला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. दर वर्षी वाटी माझ्या हातात येई तेव्हा तिच्या कपाळावर आधीच राख असायची. मी चिडवायचो, “तुला मातीत जायची भारी घाई!” ती हसायची.

मी सगळ्यांना नळावर कपाळं धुवायला पाठवलं. घरी जाऊन खोबरेलाची बाटली आणली. तिचीच, निम्मी राहिलेली. एकेकाच्या कपाळाला तेल लावत गेलो. तिसऱ्या-चौथ्या माणसापाशी रडू फुटलं आणि मग काही केल्या थांबेना. लोक रांगेत उभे राहिले, कपाळं पुढे करत राहिले.

सगळे झाल्यावर राहीबाईंनी माझ्या हातातून बाटली घेतली. “आता तुमचं कपाळ करा हिकडं. तुमाला बी चावलं आसंल.”

“राहू द्या, राहीबाई,” मी म्हणालो. “दुखतंय, ते दुखू द्या.”