पदराआडची सासू

उदयपूरच्या गणगौर घाटावर पर्यटक पाहुण्यांना फिरवताना गाइड भेरूलालच्या जिभेला हाड नसायचं. त्याला पाहताच कपडे धुणाऱ्या एका बाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला.

“मावशी, एवढं कसलं लाजणं? पाहुण्यांना फोटो हवाय. जरा पदर वर करा.”

तिने तळ्याकडे तोंड फिरवलं. तो आणखी गळ घालू लागला, तेव्हा शेजारची म्हणाली, “जावईबापू, लग्नाला सहा वर्षं झाली. सासूचं तोंड बघायची घाई आत्ताच झाली होय?”

तिथल्या रीतीप्रमाणे जावयासमोर सासूचा पदर कधी सरायचा नाही. त्याने तिचा चेहरा पाहिलाच नव्हता.

“काय म्हणाली ती?” पाहुण्यांनी विचारलं.

राजवाड्याच्या खिडकी-खिडकीची गोष्ट सांगणारा भेरूलाल खालमानेने पायऱ्या चढू लागला. ही गोष्ट बायकोच्या कानावर आधी कोण घालणार, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात चालला होता.